आयएचसी रिपोर्टचे आकडे वाचताना या चुका टाळा

स्तनाच्या कर्करोगात गाठीच्या नमुन्यातली ठरावीक प्रथिने रंगवून पाहतात; ही आयएचसी तपासणी. तिचा रिपोर्ट आला की आपण तो परीक्षेच्या गुणपत्रिकेसारखा वाचतो. ईआर (इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा रिसेप्टर, म्हणजे त्याला पकडणारे पेशीतले प्रथिन) ९० टक्के, केआय-६७ २२ टक्के, हर-टू (पेशींना वाढीचा इशारा देणारे प्रथिन) २+. घोटाळा इथेच सुरू होतो.

सर्वांत जास्त छळतो तो केआय-६७. हे प्रथिन विभाजन होत असलेल्या पेशींत दिसते. टक्केवारी जास्त, तर गाठ वेगाने वाढणारी, इथवर बरोबर. पण तीच काच (नमुन्याचा पातळ काप लावलेली पट्टी) दोन पॅथॉलॉजिस्टनी मोजली तर आकडे वेगळे येऊ शकतात. गाठीची कड मोजली की मधला भाग, यानेही फरक पडतो. ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह अशा सुरुवातीच्या आजारात ५ किंवा कमी आणि ३० किंवा जास्त एवढेच आकडे निर्णयासाठी भरवशाचे, असे तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०२१ मध्ये सांगितले. १८ की २२, यावर झोप उडवण्यात अर्थ नाही.

हर-टू २+ म्हणजे पॉझिटिव्ह नव्हे. ३+ पॉझिटिव्ह, ० आणि १+ निगेटिव्ह. २+ अनिर्णित, त्यावर फिश तपासणी (हर-टूच्या जनुकाच्या प्रती मोजणारी) हवी. आणि हर-टू पॉझिटिव्ह म्हणजे सगळे संपले, हा समजही जुना. गाठ आक्रमक असते हे खरे, पण १९९८ मध्ये ट्रास्टुझुमॅब या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि पुढे चित्र पालटले. ज्या प्रथिनामुळे धोका कळतो, त्याच प्रथिनावर औषध चालते.

ईआर शून्य, पण गाठ मात्र ग्रेड १ ची, म्हणजे निरोगी पेशींशी बरीच मिळतीजुळती? इथे थांबा. हे सहसा जुळत नाही. नमुना काढल्यापासून तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये जायला हवा आणि त्यात ६ ते ७२ तास राहायला हवा. हे बिघडले तर रिसेप्टर असूनही दिसत नाहीत. त्याच काचेवर शेजारच्या निरोगी नलिकांच्या पेशी रंगल्या आहेत का, हे पॅथॉलॉजिस्टना जरूर विचारा. त्याही कोऱ्या असतील तर दोष तपासणीत आहे. दुसऱ्या ब्लॉकवर (मेणात जपलेल्या नमुन्याच्या तुकड्यावर) ती पुन्हा करून घ्यावी. हाडातल्या नमुन्यात हा धोका जास्त, कारण कॅल्शियम काढणाऱ्या आम्लाने प्रथिने खराब होतात.

रक्तातल्या सीए १५-३ या ट्यूमर मार्करवरून (कर्करोगात रक्तात वाढू शकणाऱ्या प्रथिनावरून) निदान करू नका. यकृताच्या साध्या आजारातही ते वाढते.

आजार उलटला तर जुन्या रिपोर्टवर उपचार ठरवू नयेत. शक्य असेल तिथे नव्या गाठीची बायॉप्सी करावी; पहिल्या गाठीत असलेले रिसेप्टर नव्या गाठीत नसू शकतात, आणि उलटही घडते.