नव्या स्टेडियमची जागा ठरवताना या चुका टाळा

फुटबॉल क्लब नवं स्टेडियम बांधायला निघतो तेव्हा चर्चा छपराची होते, दिव्यांची होते, खुर्च्या किती बसवायच्या याची होते. जागेचा विषय बऱ्याचदा त्याआधीच निकालात निघालेला असतो, कारण कुणीतरी शहराबाहेर स्वस्तात जमीन देऊ केलेली असते. खुर्च्या वाढवता येतात, छप्पर बदलता येतं, स्टेडियमचं नाव तर प्रायोजकाबरोबर बदलतंच. जागा चुकली तर ती चूक निस्तरायला वीस-वीस वर्षं जातात, आणि काही क्लब तेवढे टिकतही नाहीत. इंग्लंड, इटली, जर्मनीतल्या क्लबांनी गेल्या पस्तीस वर्षांत हे सगळे अनुभव घेऊन झाले आहेत. आपल्याकडे फुटबॉलला स्वतःची हक्काची मैदानं मिळावीत असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांनी ते बारकाईने बघायला हवेत.

जमीन मिळतेय म्हणून हो म्हणणं

इंग्लंडच्या ईशान्येला डार्लिंग्टन नावाचं लाखभर वस्तीचं शहर आहे. तिथला क्लब फीदॅम्स या शहराच्या मध्यावरच्या जुन्या मैदानावर खेळायचा. २००३ मध्ये मालक जॉर्ज रेनॉल्ड्स यांनी शहराच्या कडेला, हमरस्त्यालगत, तब्बल २५,००० खुर्च्यांचं स्टेडियम उभारलं. क्लब खेळत होता चौथ्या श्रेणीत. परवानगी देताना प्रशासनाने गर्दीवर १०,००० ची मर्यादा घातलेली, आणि नेहमीच्या सामन्याला येणारी माणसं काही हजारांतच राहिली. त्याच वर्षी डिसेंबरात क्लब दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला. पुढे आणखी दोनदा तीच वेळ आली, आणि २०१२ मध्ये त्याला ते स्टेडियम सोडावं लागलं. समर्थकांनी क्लब पुन्हा उभा केला. काही वर्षं शेजारच्या गावात सामने खेळून तो २०१६ च्या शेवटी डार्लिंग्टनला परतला, एका रग्बी क्लबच्या छोट्या मैदानावर.

शहराबाहेरची जमीन स्वस्त वाटते, पण तिचा हिशेब पूर्ण केला जात नाही. ५०,००० क्षमतेचं स्टेडियम साधारण २५० मीटर बाय २०० मीटर, म्हणजे बारा एकरांच्या आसपास जागा घेतं. तिथे रेल्वे नाही, बस धड नाही, म्हणून १५,००० लोक मोटारीने येतील असं धरा. एका गाडीत तिघं, तर ५,००० गाड्या. वळायला लागणारी जागा धरून गाडीमागे २५ चौरस मीटर लागतात. म्हणजे नुसत्या पार्किंगला तीस एकर. स्टेडियमच्या अडीचपट जमीन गाड्यांखाली, तीही वर्षातले पंचवीस-तीस दिवस. शिवाय बाहेर पडणाऱ्या रस्त्याच्या एका लेनमधून चौकात तासाला फार तर हजार-बाराशे गाड्या सुटतात. दोन लेन मिळाल्या तरी शेवटची गाडी निघायला दोन तास. पुण्याकडच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. गहुंजेचं क्रिकेट स्टेडियम एक्स्प्रेस-वेच्या कडेला आहे आणि सामन्यानंतर तिथून घरी पोहोचायला काय पडतं हे त्यांनी सोसलंय.

सामना संपल्यानंतरच्या तासाचा विचार न करणं

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक ही. सामन्याला येताना माणसं दोन-अडीच तासांत विखरून येतात. जाताना सगळी एकदम उठतात. म्हणून जागेची खरी परीक्षा शेवटच्या शिट्टीनंतर होते, आणि जागा दाखवायला नेणारे नेमके मंगळवारी सकाळी अकराला नेतात.

ब्रिटनमध्ये मैदानांच्या सुरक्षेसाठी ‘ग्रीन गाइड’ नावाने ओळखली जाणारी मार्गदर्शिका वापरतात. तिच्यानुसार सपाट वाटेच्या एक मीटर रुंदीतून मिनिटाला जास्तीत जास्त ८२ माणसं बाहेर पडू शकतात, जिन्यावरून ६६. दहा मीटर रुंदीची एकच वाट असेल तर ५०,००० माणसांना तासभर लागेल, आणि तेही कुणी अडखळलं नाही तर. म्हणून नकाशावर पहिल्यांदा हे बघायचं की माणसांना किती दिशांनी पांगता येतं.

लिव्हरपूलच्या एव्हर्टन क्लबचं उदाहरण इथे फार शिकवणारं आहे. १८९२ पासून ते गुडिसन पार्कवर खेळत होते. ऑगस्ट २०२५ मध्ये ते ब्रॅमली-मूर गोदीवर बांधलेल्या, जवळपास ५३,००० क्षमतेच्या स्टेडियमात गेले. जागा देखणी आहे, मर्सी नदीच्या काठावर. गोदीचं पाणी हटवून तिथे आयरिश समुद्रातून उपसलेली वाळू भरली आणि त्यावर मैदान बसवलं. पण पश्चिमेला नदी, दक्षिणेला दुसरी गोदी, उत्तरेला सांडपाणी प्रक्रिया केंद्र. मग बहुतेक सगळी गर्दी पूर्वेला, रीजंट रोडकडेच वळते. तिथे गोदीची जुनी संरक्षित दगडी भिंत, तिच्यातही नवी दारं पाडावी लागली. त्या बाजूचं सगळ्यात जवळचं स्टेशन सँडहिल्स. ते वस्तीतल्या रोजच्या प्रवाशांपुरतं बांधलेलं, त्यामुळे रांगा लावायला स्टेशनाबाहेर वेगळं आवार तयार करावं लागलं. जागा वाईट आहे असं मी म्हणणार नाही. पण नदीकाठ हवा असेल तर स्टेशनाचा खर्चही स्टेडियमच्याच खर्चात धरायला हवा आणि स्टेशनाचं काम आधी व्हायला हवं.

इंग्लंडमधल्याच कॉव्हेंट्री शहरात हे उलट्या क्रमाने झालं. क्लब २००५ मध्ये शहराच्या उत्तर टोकाच्या नव्या स्टेडियमात आला, आणि शेजारचं रेल्वे स्टेशन सुरू झालं जानेवारी २०१६ मध्ये. सुरुवातीला तर सामन्यानंतर तासभर ते बंद ठेवायचे, कारण आलेल्या छोट्याशा गाडीत ती गर्दी मावणारच नव्हती. रेल्वेमार्ग शेजारून जातो एवढ्यावर कधीच खूश होऊ नका. तासाला गाड्या किती, गाडीत माणसं किती, हा गुणाकार करा. २०,००० माणसं रेल्वेने जाणार, एका गाडीत ८००, आणि दर पाच मिनिटांनी गाडी असं धरलं तरी शेवटच्या माणसाला दोन तास फलाटावर उभं राहावं लागतं.

मुंबईच्या मैदानात आर्सेनलसारखी अडचण सहज येऊ शकते, म्हणून तेही सांगतो. लंडनचे आर्सेनल २००६ मध्ये हायबरी या जुन्या मैदानाहून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवरच्या एमिरेट्स स्टेडियमात गेले. आजूबाजूला भुयारी रेल्वेची स्टेशनं भरपूर. पण सगळ्यात जवळचं होलोवे रोड स्टेशन एवढी गर्दी पेलू शकत नाही, म्हणून सामन्यानंतर ते वापरताच येत नाही. लोक चालत आजूबाजूच्या दुसऱ्या स्टेशनांवर जातात. तरीही सगळं सुरळीत चालतं, कारण स्टेशनं चार-पाच आहेत आणि चारी दिशांना आहेत. एकच मोठं स्टेशन दाराशी असण्यापेक्षा पंधरा मिनिटांच्या चालीवर तीन लहान स्टेशनं असणं मला कधीही पसंत.

मैदान कुणाचं, हा प्रश्न नंतरसाठी ठेवणं

कॉव्हेंट्रीची खरी जखम रेल्वेची नव्हती. हायफील्ड रोडचं स्वतःचं मैदान क्लबने विकलं. नवं स्टेडियम जुन्या गॅस कारखान्याच्या जागेवर होणार होतं. क्लबकडे पैसे पुरले नाहीत, तेव्हा नगर परिषद आणि एक धर्मादाय संस्था पुढे आल्या आणि क्लब भाडेकरू झाला. वर्षाला बारा लाख पाउंडांच्या आसपास भाडं, आणि खाण्यापिण्याच्या, पार्किंगच्या कमाईवर हक्क नाही. क्लब तिसऱ्या श्रेणीत घसरल्यावर ते भाडं परवडेना. वाद चिघळला, आणि २०१३ मध्ये क्लब पन्नासेक किलोमीटरवरच्या नॉर्थम्प्टनला घरचे सामने खेळायला गेला. हजारो समर्थकांनी तिकडे फिरकायचंच नाकारलं. दरम्यान २०१४ मध्ये स्टेडियम वॉस्प्स या रग्बी क्लबने विकत घेतलं. त्यांच्याशीही बिनसलं आणि २०१९ पासून दोन मोसम कॉव्हेंट्रीचा संघ बर्मिंगहॅमला खेळला. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये क्लबने ते स्टेडियम स्वतः विकत घेतलं. वीस वर्षं गेली.

म्युनिकमध्ये बायर्न आणि ‘१८६० म्युनिक’ या दोन क्लबांनी मिळून अलियान्झ अरेना बांधलं. जागेचा निर्णय चांगला होता. शहराच्या उत्तरेला फ्रॉटमानिंग, तिथे यू-६ मेट्रो आधीच पोहोचलेली, स्टेशन मोठं केलेलं, आणि २००१ मध्ये नागरिकांचं सार्वमत घेऊन मंजुरी मिळवलेली. तरी १८६० ला ते झेपलं नाही. उद्घाटनानंतर वर्षभरात, २००६ मध्ये, त्यांना आपला अर्धा हिस्सा बायर्नला विकावा लागला, आणि २०१७ मध्ये खाली घसरल्यावर ते आपल्या जुन्या ग्रुनवाल्डर मैदानावर परतले. एकच जागा एका क्लबला योग्य आणि दुसऱ्याला मारक ठरू शकते.

आपली माणसं मागे ठेवून जाणं

लंडनचा विम्बल्डन क्लब १९९१ मध्ये प्लाऊ लेन हे आपलं मैदान सोडून दुसऱ्यांच्या मैदानावर पाहुणा म्हणून गेला. २००२ मध्ये त्याला सुमारे ९० किलोमीटरवरच्या मिल्टन कीन्सला हलवण्याची परवानगी मिळाली. तिथे नवं शहर होतं, जमीन होती, नव्हती ती त्याची माणसं. समर्थकांनी त्याच वर्षी एएफसी विम्बल्डन हा आपला क्लब अगदी तळाच्या पातळीपासून सुरू केला, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांनी प्लाऊ लेनवरच, जुन्या मैदानापासून काही पावलांवर, नवं स्टेडियम उघडलं. क्लब म्हणजे काय याचं याहून स्वच्छ उत्तर मला माहीत नाही.

एव्हर्टननेही ही चूक करत आणली होती. किंग्ज डॉक या गोदीवर स्टेडियम बांधायचा बेत पैशाअभावी गेल्यावर ते लिव्हरपूलच्या हद्दीबाहेर कर्बीला, एका मोठ्या सुपरमार्केटबरोबर जायला निघाले. समर्थकांमधून कडाडून विरोध झाला, आणि २००९ मध्ये सरकारनेच तो प्रस्ताव फेटाळला. आज मागे वळून पाहता ती नामंजुरी क्लबच्या पथ्यावरच पडली.

कोल्हापूरचं शाहू स्टेडियम शहराच्या पोटात आहे, आणि पेठांमधल्या तालमींचे समर्थक आपल्या संघाचे झेंडे घेऊन चालत येतात. कुणी उद्या चांगल्या सोयी देतो म्हणून ते हायवेला न्यायची भाषा केली, तर सोयी मोजण्याआधी ही चालत येणारी माणसं मोजा. मडगावचं फातोर्डा, अंधेरीचं मैदान हेही याच कसोटीवर पाहावं. मुंबई सिटी ही क्लबची टीम २०१६ मध्ये नेरूळच्या भल्यामोठ्या डी. वाय. पाटील स्टेडियममधून अंधेरीच्या छोट्या मैदानात आली. तिथे मेट्रोचं आझाद नगर स्टेशन चालण्याच्या अंतरावर आहे, आणि थोडक्या खुर्च्यांमुळे आवाजही दाट होतो.

जमिनीखालचं आणि शेजारचं

हे थोडक्यात. नदीकाठ असेल तर शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा बघा. इंग्लंडमधल्या कार्लाइल क्लबचं ब्रंटन पार्क २००५ आणि २०१५ मध्ये पाण्याखाली गेलं, दोन्ही वेळा घरचे सामने परगावी खेळावे लागले. कारखान्याची जुनी जागा असेल तर मातीची तपासणी सौदा होण्याआधी करा, नंतर नाही. एखादा प्लॉट अजून ताब्यात नसेल तर तो मिळेलच असं गृहीत धरू नका. लंडनच्या टॉटनहॅम क्लबच्या जागेतला एक कारखाना कोर्टात गेला आणि तो तिढा २०१५ पर्यंत सुटला नाही. मैदानाची लांबी उत्तर-दक्षिण बसते का हेही पाहा, नाहीतर संध्याकाळी एका गोलकीपरच्या डोळ्यांत सूर्य असतो.

जागा आधीच चुकली असेल तर

आधी दुखणं नेमकं कुठे आहे ते शोधा. इटलीच्या युव्हेंटस क्लबचं देल्ले आल्पी स्टेडियम १९९० च्या विश्वचषकासाठी बांधलेलं, ६९,००० क्षमतेचं. ते ओस पडायचं. इटालियन कपच्या एका सामन्याला तर अवघे २३७ प्रेक्षक होते. लांब पडतं, म्हणून लोक येत नाहीत, असा समज होता. पण मैदानाभोवती धावपट्टी होती, आणि प्रेक्षकाला खेळाडू मुंगीएवढा दिसायचा. युव्हेंटसने २००९ मध्ये ते पाडलं आणि २०११ मध्ये त्याच जागेवर ४१,००० चं, मैदानाला अगदी चिकटून बसवलेलं स्टेडियम उघडलं. ते भरायला लागलं. लंडनमध्ये वेस्ट हॅमचं उलटं झालं: २०१६ मध्ये ते स्ट्रॅटफर्डच्या ऑलिंपिक स्टेडियमात आले. रेल्वेची सोय उत्तम, पण खेळ लांब, म्हणून लोक नाराज. दोन्हीकडे दोष धावपट्टीचा. आपल्याकडे बालेवाडीसारखी बहुउद्देशीय मैदानं फुटबॉलला देताना हे लक्षात ठेवा.

अडचण खरोखरच पोहोचण्याची असेल तर इंग्लंडच्या ब्राइटन क्लबकडे पाहा. २०११ मध्ये ते शहराच्या सीमेवर फॉल्मरला गेले. स्टेशन अगदी लागून, तरी ते लहान. त्यांनी सामन्याच्या तिकिटातच बस-रेल्वेचा प्रवास घातला आणि शहराच्या वेगवेगळ्या बाजूंना पार्क-अँड-राइडच्या, म्हणजे गाडी दूर लावून पुढे नेणाऱ्या, बसेस सोडल्या. सामन्यानंतर स्टेडियममधले खाण्यापिण्याचे गाळे उघडे ठेवले तर काही हजार माणसं आपणहून अर्धा तास रेंगाळतात. फलाटावरचा ताण कमी होतो आणि क्लबला चार पैसेही मिळतात. वरच्या मजल्यावरच्या रिकाम्या खुर्च्या बंद करून माणसं खाली, जवळजवळ बसवली तर निम्मं भरलेलं मैदानही जिवंत वाटतं.

आणि करार अजून झालेला नसेल, तर एक काम करा. ज्या दिवशी त्या रस्त्यावर सगळ्यात जास्त वर्दळ असते त्या संध्याकाळी सात वाजता समितीतल्या प्रत्येकाने बस किंवा लोकल पकडून त्या जागेवर जावं, आणि रात्री साडेनऊला तिथून तसंच घरी परतावं. बरोबर घरातलं एक लहान मूल आणि एक वयस्क माणूस न्यावं. ते दोघं पुन्हा यायला तयार नसतील, तर दुसरी जमीन शोधा.