'प्रायमीव्हल' कसा फोडायचा

नौपाड्यात मी मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवते. 'प्रायमीव्हल' म्हणजे आदिम, सृष्टीच्या आरंभकाळातला. फळ्यावर हा शब्द आला की मुलांना त्याच्या शेवटी हमखास 'ईव्हिल' ऐकू येतं आणि अर्थात राक्षस शिरतो.

म्हणून आधी जुनं स्पेलिंग बघा. पूर्वी 'एम'नंतर 'ए-ई' अशी जोडी लिहीत. ती दिसली की फोड कुठे करायची ते कळतं: 'प्रीमुस' म्हणजे पहिला, 'ऐवुम' म्हणजे काळ, आयुष्य. लॅटिनमध्ये 'प्रीमैवुस' म्हणजे वयाच्या पहिल्या भरातला, तरुण! पुढे इंग्रजीत हे वय माणसाचं न राहता जगाचं झालं. मला हा बदल फार आवडतो.

मग त्याच घरातले शब्द गोळा करा. 'मिडीव्हल', म्हणजे मध्ययुगीन, यात 'मेदियुस' (मधला) अधिक 'ऐवुम'. 'लाँजेव्हिटी', म्हणजे दीर्घायुष्य, यात 'लोंगुस' (लांब) अधिक 'ऐवुम'.

आता हे तुकडे मोठ्याने म्हणा. 'मेदियुस' आणि आपला 'मध्य'. 'ऐवुम' आणि 'आयुस्', ज्यातून आपलं 'आयुष्य' आलं. ही उसनवारी नाही, दोन्हींचं मूळ एक. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिनचं असं नातं भाषाभ्यासक विल्यम जोन्सनी १७८६ साली कलकत्त्यात मांडलं होतं. मराठी माध्यमाच्या मुलाला इथे घाबरायचं कारणच नाही, अर्धा शब्द त्याच्या घरचा आहे.

पण नुसत्या कानावर विसंबू नका. लॅटिन 'दिएस' म्हणजे दिवस; तो आपल्या 'दिवस'चा नातलग आहे, इंग्रजी 'डे'चा नाही. लॅटिन 'द'च्या जागी अस्सल इंग्रजी शब्दात 'ट' येतो: 'दुओ'ला 'टू', 'देकेम'ला 'टेन'. आपल्याकडे मात्र दोन, दहा. हा नियम वहीत लिहून ठेवा, तरी शेवटी व्युत्पत्तिकोश उघडाच. त्यासाठी मी मुलांना ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात पाठवते. १८९३ सालची संस्था आहे.

सरावाला 'अँटिडिल्यूव्हियन' घ्या. इंग्रज लेखक थॉमस ब्राउनच्या १६४६ सालच्या लेखनात तो सापडतो. 'आंते' म्हणजे आधी. विरोध दाखवणारा ग्रीक 'अँटी' इथे नको. 'दिलुवियुम' म्हणजे महापूर. एकूण अर्थ, बायबलमधल्या नोहाच्या प्रलयाआधीचा. याच 'दिलुवियुम'पासून फ्रेंचमार्गे इंग्रजीत पुराला आणखी एक शब्द आला आहे. तो तुम्ही शोधा.