उन्हात उभ्या गाडीवर वॅक्स किती दिवस टिकतं? माझ्या वहीतला हिशेब

आमच्या दारात गाडीला छप्पर नाही. लिंबाचं एक झाड आहे, पण त्याची सावली सकाळी साडेनऊला गाडी सोडते. तिथून सूर्य कलेपर्यंत माझी गडद निळी वॅगन आर उघड्यावर तापत असते. मे महिन्यात परभणीचा पारा ४३ च्या आसपास असतो, त्यात गडद रंगाचा पत्रा ७० च्या पुढं जातो. दुपारी बॉनेटवर तळहात टेकवून बघा, तीन मोजायच्या आत उचलाल. म्हणून वॅक्स, म्हणजे गाडीच्या रंगावर चोळायचं मेण, किती दिवस टिकतं असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो: गाडी उभी कुठं असते, रंग कोणता आणि महिना कोणता?

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायचो. निवृत्त झालो तरी वही ठेवायची खोड गेली नाही. एका मार्चमध्ये बॉनेटच्या मधोमध पेंटर लोक वापरतात ती कागदी चिकटपट्टी लावली. ड्रायव्हरच्या बाजूला कार्नोबाचं, म्हणजे झाडापासून मिळणाऱ्या मेणाचं, पेस्ट वॅक्स, डाव्या बाजूला सिंथेटिक सीलंट, म्हणजे त्याच कामाचा माणसानं बनवलेला लेप. टपाचेही तसेच दोन भाग केले. दारांना सगळीकडं कार्नोबा. दर रविवारी उन्हं वर यायच्या आत गाडी धुवायची, एक तांब्या पाणी ओतायचं आणि थेंब कसे बसतात ते लिहायचं. थेंब गोल, उभे तर वॅक्स आहे, पाणी पसरलं तर गेलं. मुलगा म्हणाला, "बाबा, ही गाडी आहे का प्रयोगवही?"

वहीत काय निघालं ते सांगतो. डब्यावर तीन महिने लिहिलेलं कार्नोबा टपावर चौथ्या रविवारपर्यंत झकास होतं. पाचव्या रविवारी थेंब चपटे झाले, सहाव्याला पाणी नुसतं पसरलं. बॉनेटही एका आठवड्याच्या फरकानं गेलं. दारांवर मात्र तेच वॅक्स दहाव्या आठवड्यापर्यंत होतं. सीलंट टपावर जूनच्या मध्यापर्यंत पोचलं, म्हणजे साडेतीन महिने. हाच प्रयोग दसऱ्यानंतर पुन्हा केला, तेव्हा टपावरचं कार्नोबा नऊ आठवडे गेलं आणि सीलंट पाच महिने. डबा तोच, हात तोच, घर तेच. बदललं ते ऊन. म्हणून गाडी उघड्यावर असेल तर डब्यावरचा आकडा उन्हाळ्यात निम्मा धरावा, हा माझा अंदाज. दारं बघून खूश होऊ नका, टप सांगेल तेच खरं.

असं का होतं? कार्नोबा हे ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. ते शुद्ध असेल तर ८२ ते ८६ अंशांना वितळतं. आपल्या पत्र्याचं तापमान तिथवर जात नाही, मग ते जातं कुठं? डब्यात निव्वळ कार्नोबा नसतंच. ते इतकं कडक असतं की नुसतं हातानं लावताच येणार नाही. त्यात तेलं असतात, उडून जाणारं द्रावण असतं, मऊ मेणं असतात. मधमाशीचं मेण तर ६२-६४ अंशांनाच वितळतं. ही मऊ मंडळी आधी ढिली पडतात, त्यावर धूळ चिकटते, धुताना धुळीबरोबर वॅक्सही निघतं. वर अतिनील किरणं आहेतच. सीलंट माणसानं बनवलेल्या पॉलिमरचं असतं, ते ताप जास्त सोसतं. कार्नोबाची झाक जास्त ओली, जास्त खोल दिसते, हे मी नाकारत नाही. लग्नाला जायचं असेल तर मीसुद्धा तेच लावतो.

एक गैरसमज इथंच काढून टाकू. रंगाला उन्हापासून मुख्यतः वाचवतो तो त्याच्यावरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट. तो साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही पातळ. वॅक्सचा थर त्याच्यापुढं काहीच नाही, एक मायक्रॉनही भरत नाही. तो घाण, क्षार, पाखरांची विष्ठा यांना थेट क्लिअर कोटवर बसू देत नाही आणि त्यांच्या जागी स्वतः झिजतो. ओरखडे तो अडवत नाही. आमची सासुरवाडी लातूरकडची, दर वर्षी वेळा अमावस्येला गाडी थेट वावरात जाते. तुरीच्या फांद्यांनी दारावर ज्या रेघा ओढल्या त्या वॅक्स असतानाच ओढल्या.

आता वॅक्स आहे की गेलं ते ओळखायचं कसं. धुळीनं माखलेल्या गाडीवर पाणी टाकून निकाल लावू नका. वॅक्स शाबूत असलं तरी वर धूळ आणि क्षारांचा पापुद्रा बसला की पाणी पसरतंच. आधी गाडीच्या शाम्पूनं धुवा, मग टपावर तांब्याभर पाणी ओता. अळूच्या पानावरच्यासारखे गोल, उभे थेंब झाले आणि सरसर उतरले तर वॅक्स आहे. थेंब पसरट, कडा वाकड्यातिकड्या, तर उतरणीला लागलं. पाणी चादरीसारखं पसरून जागेवरच रेंगाळलं तर संपलं. दुसरी खूण हाताची. कोरडा, स्वच्छ मायक्रोफायबर, म्हणजे बारीक धाग्यांचा मऊ रुमाल, दोन बोटांनी ओढा. वॅक्स असेल तर तो घसरतो, नसेल तर अडखळतो.

लावायची पद्धत मी एकदा चुकून शिकलो. पहिल्या वेळी एप्रिलमध्ये, सकाळी अकराला, तापलेल्या बॉनेटवर लावलं. दोन मिनिटांत ते चुन्यासारखं वाळलं आणि पुसता पुसता माझा खांदा गेला. तेव्हापासून पहाटे सहाला सुरू, आठला बंद. पत्र्याला हात लावला तर माठासारखा गार लागला पाहिजे.

आधी धुणं. मे महिन्यात गल्लीत टँकर येतो, तेव्हा पाइप लावून गाडी धुणं शोभत नाही आणि त्याची गरजही नाही. मी पाच लिटरचा हातपंप घेतलाय, कापसावर औषध फवारतात तसलाच, पण नवा. शेतातला तणनाशकाचा पंप गाडीला चुकूनही लावू नका. या पंपानं आधी धूळ भिजवायची आणि खाली उतरवायची. मग दोन बादल्या, एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत नुसतं. फडकं प्रत्येक वेळी साध्या पाण्यात पिळून मगच शाम्पूत बुडवायचं. वीस-पंचवीस लिटरमध्ये सगळं होतं. भांड्याचा साबण किंवा कपड्याची पावडर वापरू नका. तिचं कामच तेलकटपणा काढण्याचं, ती वॅक्सही काढते. जुनं वॅक्स मुद्दाम उतरवायचं असेल तेव्हाच मी भांड्याच्या साबणाचे चार थेंब टाकतो.

रोज सकाळी कोरड्या फडक्यानं गाडी झटकणारे शेजारी मला दिसतात. गंगाखेड रोडचा फुफाटा टपावर, त्यात बारीक खडी, आणि वरून फडकं. ती गाडी उन्हात तिरकी बघा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल रेघा दिसतील. त्यापेक्षा धूळ राहू दिलेली बरी. कव्हरचंही तेच. धुळकट गाडीवर कव्हर घातलं आणि वावधान सुटलं की आतून दिवसभर घासकाम चालतं.

आमच्याकडचा खरा वैरी बोअरचं पाणी आहे. काळ्या खडकातलं जड पाणी, उन्हात वाळलं की पांढरी वर्तुळं उठतात. म्हणून धुतल्यावर पाणी अंगावर वाळू द्यायचं नाही, लगेच टिपायचं. काही जण आरओ फिल्टरमधून बाहेर पडणारं पाणी वाया जाऊ नये म्हणून गाडीला वापरतात. विचार चांगला, पण त्या पाण्यात क्षार मुळापेक्षा जास्त असतात. ते फरशीला, संडासाला वापरा. पावसाळ्यात मी गच्चीवरचं पाणी दोन घागरी भरून ठेवतो आणि शेवटची धार त्याची सोडतो, एक डाग उठत नाही. जुने डाग असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून, गार पत्र्यावर, मिनिटभर ठेवून धुऊन टाका. तेवढ्या जागी वॅक्सही कमजोर होतं, पुन्हा लावावं लागतं.

धुतल्यावर हातात प्लॅस्टिकची पातळ पिशवी घालून ओल्या पत्र्यावरून फिरवा. नुसत्या बोटांना न कळणारी कचकच पिशवीतून कळते. कचकच लागली तर भरपूर शाम्पूच्या पाण्यात क्ले फिरवावा लागतो. क्ले म्हणजे दुकानात मिळणारा मातीसारखा मऊ गोळा. जालन्याला पोलाद कारखान्यांच्या बाजूला गाडी लावणाऱ्या माझ्या भाच्याच्या पांढऱ्या गाडीवर तांबूस ठिपके आले होते, लोखंडाच्या बारीक कणांचे. तिथं क्लेशिवाय गत नव्हती. गोळा खाली पडला तर फेकून द्या, चिकटलेला खडा गाडी ओरबाडतो.

आणि मग वॅक्स. इथं सगळे जास्त लावतात. तव्यावर धिरडं टाकण्याआधी अर्धा कांदा तेलात बुडवून फिरवतात ना, तेवढंच. तेल दिसत नाही, पण धिरडं सुटतं. माझ्या गाडीला एका हाताला पंधरा ग्रॅमही लागत नाही. एका वेळी एकच भाग, आधी टप, मग बॉनेट, मग डिकी, शेवटी दारं. धूसर पापुद्रा आला की बोट ओढून बघा. बोटाखाली लख्ख निघालं तर पुसा, लोळ्या निघाल्या तर थांबा. पुसायला वेगळा कोरडा मायक्रोफायबर. काळ्या प्लॅस्टिकला लागू देऊ नका, पांढरे डाग बसतात ते सहजी निघत नाहीत. दुसरा हात दुसऱ्या दिवशी फक्त टपाला आणि बॉनेटला द्या. त्यानं आयुष्य दुप्पट होत नाही, पण राहून गेलेल्या जागा भरून निघतात.

वॅक्स आणि पॉलिश एक नव्हे, हेही सांगून ठेवतो. पॉलिशमध्ये बारीक घासणारे कण असतात, ते क्लिअर कोटचाच अंश काढून रेघा सपाट करतं. ते दर दोन महिन्यांनी करायचं काम नाही. एका वॉशिंग सेंटरवर मी "तीन महिने गॅरंटी" म्हणून वॅक्सचे पैसे मोजले. पोरानं तापलेल्या गाडीवर दहा मिनिटांत काहीतरी पातळ चोळलं. चकाकली खरी, पण दुसऱ्या धुण्याला पाणी पसरलं. गॅरंटीची आठवण दिली तर म्हणाला, "सर, उन्हात कोण ठिवायलं गाडी?" परभणीत गाडी आणखी कुठं ठेवणार, ते त्यानं सांगितलं नाही.

पाखरांचं वेगळं. आमच्या लिंबावर कावळे-साळुंक्या कायम असतात. विष्ठा पडली की वॅक्स तुम्हाला काही तास मिळवून देतं, दिवस नाही. दुपारी क्लिअर कोट तापून मऊ होतो, संध्याकाळी आकसताना वाळलेल्या खड्याचा ठसा त्यात बसतो. नखानं खरवडू नका. ओलं फडकं दहा मिनिटं ठेवा आणि अलगद उचला.

वर्षाचं गणित मी सणांवर बसवलंय. पहिलं सीलंट धुळवडीच्या आधी, म्हणजे रंगाचं पाणी उडालं तरी बसत नाही आणि उन्हाळाही निघतो. दुसरं मृगाच्या सुमारास, पहिल्या चांगल्या पावसाआधी. तिसरं दसऱ्याच्या आदल्या दिवशी. दसऱ्याला आमच्या घरी बॉनेटवर हळद-कुंकवाचं स्वस्तिक निघतं, त्याला माझी ना नाही. वॅक्स असलं की ते दुसऱ्या दिवशी ओल्या कापडानं निघतं. झेंडूचा हार मात्र तारेत ओवलेला घेऊ नका, दोऱ्यातला घ्या. मधल्या काळात दर तीन आठवड्यांनी, धुतल्यावर, टप आणि बॉनेटवर स्प्रे वॅक्सचा हात फिरवतो. एकटं स्प्रे वॅक्स उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांवर माझ्याकडं कधी गेलं नाही, पण खालच्या थराला ते आधार देतं.

सिरॅमिक कोटिंग करावं का, हेही विचारतात. सिलिकाचा तो थर वॅक्सपेक्षा कितीतरी कडक, नीट निगा ठेवली तर वर्ष-दोन वर्षं सहज टिकतो. पण बोअरच्या पाण्यानं धूत राहिलात तर त्यावरही क्षार बसतात आणि पाणी पसरायला लागतं. शिवाय खाली जी रेघ असेल ती तशीच झाकली जाते. गाडी नवी असेल, पैसे असतील, तर करा. माझी गाडी जुनी आहे आणि रविवार मोकळा आहे.

उरलेला डबा गाडीच्या डिकीत ठेवू नका. माझा एक उन्हाळाभर तिथं राहिला, उघडला तेव्हा वर तेल तरंगत होतं आणि खाली दगड. आता तो माळ्यावर, पापडांच्या डब्याशेजारी असतो. त्यावर बायकोनं मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय, "हे तूप नाही".