पोस्टग्रेसमधील तात्पुरती टेबल्स आणि लॉगचा भार
मोठ्या अहवालासाठी मधल्या टप्प्यातील लाखो ओळी साठवायच्या असतील, तर पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये तात्पुरते टेबल वापरावे, कारण सर्व्हर बंद पडल्यावर हा डेटा परत मिळवायचाच नसल्याने त्यातील बदल ट्रान्झॅक्शन लॉगमध्ये (बिघाडानंतर डेटा परत मिळवण्यासाठी ठेवलेल्या बदलांच्या नोंदीत) लिहिले जात नाहीत आणि डिस्कवरील लेखन बरेच कमी होते. रोलबॅक (केलेले बदल मागे घेणे) मात्र नेहमीप्रमाणेच चालतो, कारण ओळींच्या जुन्या आवृत्त्या टेबलातच राहतात.

तथापि टेबल तयार करणे आणि काढून टाकणे यांच्या नोंदी सिस्टिम कॅटलॉगमध्ये (टेबलांची माहिती ठेवणाऱ्या डेटाबेसच्या स्वतःच्या टेबलांमध्ये) होतात व त्या लॉगमध्येही जातात. म्हणून प्रत्येक विनंतीगणिक नवे टेबल बनवणारा प्रोग्राम कॅटलॉग फुगवतो आणि वाचवलेला वेळ तिथेच घालवतो. त्यापेक्षा एका सेशनमध्ये (डेटाबेसशी केलेल्या एका जोडणीत) तेच टेबल पुन्हा वापरणे शहाणपणाचे.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते टेबलातील डेटाच्या आकडेवारीकडे. एरवी ही आकडेवारी आपोआप गोळा करणाऱ्या ऑटोव्हॅक्यूमला तात्पुरती टेबल्स हाताळता येत नाहीत, त्यामुळे डेटा भरून झाल्यावर ती गोळा करणारी अ‍ॅनालाइझ आज्ञा स्वतः द्यावी, अन्यथा चुकीच्या अंदाजामुळे प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची हे ठरवणारा भाग) जॉइनची, म्हणजे टेबल्स एकमेकांशी जोडण्याची, संथ पद्धत निवडू शकतो. टेम्प बफर्सची (सेशनमध्ये तात्पुरत्या टेबलांसाठी वापरल्या जाणाऱ्या मेमरीची) मूळ मर्यादा ८ एमबी आहे. ती वाढवायची असल्यास सेशनमध्ये तात्पुरत्या टेबलाचा पहिला वापर होण्यापूर्वीच वाढवावी.