वीरांच्या सहीचे फोटो जमवताय? या चुका टाळा

माझ्या संग्रहातला पहिला फोटो मीच बिघडवला. कोरेगाव तालुक्यातले एक सुभेदारसाहेब, १९७१ च्या लढाईतले. चकचकीत फोटोवर मी त्यांना बॉलपेन दिलं. ते धरेना, म्हणून त्यांनी दाबून सही केली, तर कागदावर चरे उठले. घरी येऊन तो तसाच काचेखाली बसवला. पावसाळ्यात दमट हवेने फोटो काचेला चिकटला, ओढायला गेलो तर सहीचा अर्धा भाग काचेवर राहिला. चिकटलेला फोटो ओढू नका, आधी काचेसकट त्याचा फोटो काढून ठेवा. सहीसाठी मॅट कागदावर प्रत काढा, बारीक टोकाचा परमनंट मार्कर न्या, सही गणवेशाच्या गडद भागावर न घेता फिक्या जागी घ्या आणि रात्रभर वाळू द्या. फ्रेममध्ये काच आणि फोटो यांच्यात जाड पुठ्ठ्याची चौकट हवीच. लॅमिनेशन तर करूच नका, ते पुन्हा निघत नाही.

विकत घेताना तारखा जुळवा. नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत धारातीर्थी पडले, व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यसन्मान त्यांना मरणोत्तर मिळाला. तो क्रॉस छातीवर लावून त्यांनी सही केलेला फोटो असूच शकत नाही. परमवीर चक्राच्या २१ मानकऱ्यांपैकी १४ मरणोत्तर आहेत, तिथेही हाच हिशेब. सही खरी की छापील, हे भिंगातून कळतं: छापील सहीत फोटोसारखेच बारीक ठिपके दिसतात.

छातीवर पदकांची रांग दिसली की 'शौर्यपदक विजेते' असं लिहून मोकळे होऊ नका. दुसऱ्या महायुद्धातला ‘बर्मा स्टार’ किंवा १९७१ च्या पूर्व आघाडीचा ‘पूर्वी स्टार’ ही त्या त्या मोहिमेतल्या सेवेची पदकं, शौर्याची नव्हेत. शौर्यपदक फितीवरून ओळखा. वीर चक्राची फीत अर्धी गडद निळी, अर्धी केशरी. महावीर चक्राची अर्धी पांढरी, अर्धी केशरी. हुद्दाही विचारून लिहा. ऑनररी (मानद) कॅप्टन या वरच्या हुद्द्यावर निवृत्त झालेल्या माणसाला सुभेदार म्हटलेलं मनाला लागतं, आणि लागायलाच हवं.

मोडीतली सही किंवा अंगठा आला म्हणून फोटो बाजूला टाकणारे संग्राहक मी पाहिलेत. मला तर तसेच फोटो सर्वांत मोलाचे वाटतात. मागे शिसपेन्सिलीने हलक्या हाताने नाव, पलटण, गाव, तारीख लिहा.

पण सगळ्यांत मोठी चूक दारातच होते. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात, जिथले ४६ जण एकट्या पहिल्या महायुद्धात कामी आले, रामराम न घालता 'जुने फोटो आहेत का?' असं विचारायचं नसतं. आधी बसा, चहा घ्या, ऐका. सहीचं दुसऱ्या भेटीत काढलं तरी चालतं. सहीचा फोटो वीरपत्नीकडे एकच असेल, तर तो मागू नका आणि एका रात्रीपुरताही नेऊ नका. तिथेच ओट्यावर, उजेडात, मोबाईलने टिपून घ्या, आणि पुढच्या खेपेला त्याची मोठी प्रत करून त्यांच्या हातात द्या.