नेहरू-पटेल मतभेद: पत्रं कशी वाचावीत

व्हॉट्सॅपवर फिरणाऱ्या एखाद्या उताऱ्यावरून नेहरू बरोबर की पटेल, हे ठरवायला जाऊ नका. आधी एकच वाद निवडा. अजमेर प्रकरण सोयीचं, कारण दोघांची बाजू लेखी आहे. दुर्गा दास यांनी संपादित केलेल्या पटेलांच्या पत्रव्यवहाराचे १० खंड आहेत. त्यातला सहावा काढा.

वहीत पाच रकाने आखा: तारीख, कोणी कोणाला लिहिलं, निमित्त, मागणी, पुढे काय झालं.

निमित्त छोटंच आहे. डिसेंबर १९४७ मध्ये अजमेरात दंगल झाली आणि नेहरूंनी आपले प्रधान खासगी सचिव एच. व्ही. आर. अय्यंगार यांना तिकडे पाठवलं. गृहखातं पटेलांचं; त्यांना ते खटकलं. मागणीच्या रकान्यात मात्र दोन टिपणं समोरासमोर येतात, दोन्ही गांधीजींसाठी लिहिलेली. ६ जानेवारी १९४८ च्या टिपणात नेहरू म्हणतात, पंतप्रधानाला हवं तेव्हा पाऊल उचलता आलं पाहिजे. १२ जानेवारीला पटेल लिहितात, पंतप्रधान समानांमधला पहिला; सहकाऱ्यांवर त्याची हुकमत नाही. आर्थिक आणि जातीय प्रश्नांवर दृष्टी वेगळी आहे, हे नेहरूही नोंदवतात; पण टिपणाचा भर पंतप्रधानपदाच्या अधिकारावर आहे. इथेच बहुतेकांची गफलत होते: अधिकाराचा वाद ते सरसकट विचारसरणीच्या खात्यात टाकतात.

शेवटच्या रकान्यात ‘वाद मिटला’ असं लिहू नका. ३० जानेवारीला गांधीजींची हत्या झाली, ३ फेब्रुवारीला नेहरूंनी पटेलांना पत्र लिहिलं, ५ तारखेला उत्तर आलं. दोघांनी एकत्र राहायचं ठरवलं, एवढंच नोंदवा.

आता हेच रकाने १९५० ला लावून पाहा. काँग्रेस अध्यक्षपदासाठी पुरुषोत्तमदास टंडन यांना १३०६ मतं, कृपलानींना १०९२ आणि आपल्या शंकरराव देवांना २०२. टंडन पटेलांच्या पाठिंब्याने निवडून आले, पण त्याच वर्षी सप्टेंबरात काँग्रेसच्या नाशिक अधिवेशनात ठराव नेहरूंच्या भूमिकेचे मंजूर झाले. नुसत्या मतमोजणीवर थांबलात तर निष्कर्ष उलटा निघतो. एप्रिलच्या नेहरू-लियाकत कराराचीही (भारत-पाकिस्तानातल्या अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचा करार) ओळ घाला: श्यामाप्रसाद मुखर्जींनी त्याच्या विरोधात मंत्रिपदाचा राजीनामा दिला, पटेलांनी मात्र कराराला पाठिंबा दिला. गटांची तयार लेबलं इथे गळून पडतात.

तिबेटबद्दलचं पटेलांचं ७ नोव्हेंबर १९५० चं पत्र सगळ्यात जास्त फिरतं. ते नेहरूंच्या १८ नोव्हेंबरच्या टिपणाशेजारी ठेवूनच वाचा.