साप्पोरोच्या हिमोत्सवात मुलांना नेताना

फेब्रुवारीच्या सुरुवातीला जपानमधल्या साप्पोरोच्या हिमोत्सवाला मुलांसह जाणार असाल, तर जाडजूड जॅकेटच्याही आधी बुटांचा विचार करा. ओदोरी पार्कमधली बर्फशिल्पं सुमारे दीड किलोमीटर पसरलेली असतात आणि गर्दीच्या पावलांनी दाबलेला बर्फ काचेसारखा गुळगुळीत होतो. बुटांवर चढवायचे काटेरी पट्टे तिथल्या दुकानांत मिळतात, ते घ्याच. पावलं छोटी टाका, हात खिशाबाहेर ठेवा. खिशात ‘काइरो’, म्हणजे तासन्‌तास गरम राहणाऱ्या पुड्या असू द्या. थेट त्वचेला मात्र लावू नका. मुलं कुडकुडायला लागली की सरळ पार्कखालच्या भुयारी बाजारात उतरायचं. बर्फाच्या घसरगुंड्या हव्या असतील तर उत्सवाच्याच त्सुदोमे या दुसऱ्या ठिकाणी जा. नुसती शिल्पं बघून मुलं (आमची तरी) दहा मिनिटांत कंटाळतात!